गोळ्या बंद केल्या, आता दिवस कुठून मोजायचे?

रानजाई

वय ३२. ड्रोस्पायरेनोन ३ मिग्रॅ आणि एथिनिल इस्ट्रॅडिओल ३० मायक्रोग्रॅमची २१ गर्भनिरोधक गोळ्यांची स्ट्रिप, चार वर्षं. त्याआधी पाळी ३४ ते ३८ दिवसांनी यायची. शेवटची गोळी ३ जुलैला. ६ जुलैला रक्तस्राव सुरू झाला, तीन दिवस, अगदी कमी. आता चान्स घ्यायचाय.

६ जुलै हा पहिला दिवस धरायचा का? तसा धरून दहाव्या दिवसापासून ओव्ह्युलेशन किट लावलं. पाचही पट्ट्या संपल्या, दुसरी रेघ एकदाही गडद आली नाही. "गोळ्यांचा अंश अंगातून जायला तीन महिने द्यावे लागतात" हे घरून आणि शेजारून, दोन्हीकडून ऐकायला मिळतंय. त्यात तथ्य आहे का? तपासण्या आत्ताच कराव्यात की थांबावं?

आणि ऑगस्टअखेर घरी गौरी-गणपती आहेत. पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली तर चालेल का?

ओपीडी_नोट्स

६ जुलै खोडून टाका. ती पाळी नव्हेच.

गोळी चालू असताना स्त्रीबीज पिकत नाही, त्यामुळे फुटतही नाही. गर्भाशयाचं आतलं अस्तर गोळीतल्या हॉर्मोनच्या आधारावर उभं असतं. गोळी थांबली की दोन ते चार दिवसांत तो आधार जातो आणि अस्तर पडून जातं. ते मुळातच पातळ असतं, म्हणून स्राव कमी. तुमचं ३ ला गोळी बंद आणि ६ ला स्राव हे गणित तंतोतंत तेच आहे. खरी पाळी म्हणजे आधी बीज फुटलेलं आणि त्यानंतर साधारण १२ ते १४ दिवसांनी आलेली. ती बहुतेकींना शेवटच्या गोळीनंतर चार ते सहा आठवड्यांत येते. तुमचा पहिला दिवस तो.

इथेच एक गफलत होते. "खरी पाळी आल्याशिवाय दिवस राहत नाहीत" असं समजून काही जोडपी निर्धास्त असतात, काही हात बांधून बसतात. पाळी येण्याआधी बीज फुटलेलं असतं, म्हणजे पहिली खरी पाळी न येताच दिवस राहू शकतात. गोळी बंद केल्यावर दोन आठवड्यांतही बीज फुटू शकतं. चान्स तुमचा सुरू झालेलाच आहे.

तीन महिन्यांबद्दल. गोळीतली हॉर्मोन्स काही दिवसांत शरीराबाहेर जातात, साठून राहत नाहीत. लगेच दिवस राहिले तर गर्भपाताचा किंवा बाळात व्यंगाचा धोका वाढत नाही. "एक पाळी येऊ द्या" असं डॉक्टर पूर्वी सांगायचे, आजही काही सांगतात, ते तारखेसाठी. शेवटची खरी पाळी माहीत नसेल तर प्रसूतीची तारीख काढता येत नसे. आता सातव्या-आठव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीत गर्भाची लांबी मोजून तारीख काही दिवसांच्या फरकाने कळते. दवाखान्यात "शेवटची पाळी कधी?" विचारलं की दोन्ही गोष्टी सांगा: गोळी कधी थांबली आणि त्यानंतर काय काय आलं. नुसतं "६ जुलै" सांगितलंत तर पुढचा सगळा हिशोब तिरका जाईल. गर्भ सहा आठवड्यांचा आणि कागदावर आठ, मग "वाढ कमी आहे" म्हणून विनाकारण घाबरगुंडी.

गोळी बंद केल्यावर पहिल्याच चक्रात साधारण पाचातल्या एकीला दिवस राहतात, वर्षभरात पाचातल्या चौघींना. गोळी न घेतलेल्या जोडप्यांचंही चित्र जवळपास असंच असतं, आणि गोळी एक वर्ष घेतली की सात वर्षं, त्याने फरक पडत नाही.

तुमच्या बाबतीत खरा मुद्दा वेगळा आहे. गोळीवर दर २८ दिवसांनी यायचं ते घड्याळ गोळीचं होतं. तुमचं स्वतःचं घड्याळ ३४ ते ३८ चं, आणि तेच परत सुरू होईल. ३५ च्या पुढचं चक्र म्हणजे पीसीओएस (बीज वेळेवर पिकून न फुटण्याचा हॉर्मोनचा विकार) किंवा थायरॉइड एकदा बघून घ्यावं अशा हद्दीवरचं. "गोळ्यांमुळे पाळी बिघडली" असं जे ऐकू येतं, त्यात पुष्कळदा आधीपासून असलेली अनियमितता गोळीने झाकलेली असते.

सीबीसी_ते_एएमएच

किटपुरतं लिहिते, कारण पाच पट्ट्या अशाच वाया जातात.

बीज फुटण्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ जवळपास ठरलेला, साधारण १४ दिवस. लांबतो तो आधीचा भाग. म्हणून "चौदावा दिवस" फक्त २८ दिवसांच्या चक्राला लागू. ३४ चं चक्र असेल तर बीज विसाव्या दिवसाच्या आसपास फुटेल, ३८ चं असेल तर चोविसाव्या. किट कधी सुरू करायचं? सगळ्यात लहान चक्रातून १७ वजा करा. तुमचे ३४ वजा १७, म्हणजे खऱ्या पाळीच्या सतराव्या दिवशी. तिथून चोविसाव्यापर्यंत रोज एक, म्हणजे आठ पट्ट्या. पाचच्या पाकिटात भागणार नाही, दोन घ्या.

लघवी सकाळची पहिली नको. एलएच (बीज फुटायला लावणारं हॉर्मोन, किट तेच शोधतं) रक्तात बहुधा पहाटे वाढतं आणि लघवीत उतरायला काही तास लागतात. दुपारी किंवा संध्याकाळी, रोज साधारण एकाच वेळी. आधी दोन तास लघवी रोखा आणि त्या वेळात तांब्याभर पाणी पिऊ नका, नाहीतर लघवी पातळ होऊन रेघ फिकी येते. पट्टी 'मॅक्स' लिहिलेल्या रेषेपर्यंतच बुडवा, पाकिटावर जितके सेकंद लिहिलेत तितकेच, मग सपाट जागी आडवी ठेवा. पाच मिनिटांनी वाचा, दहानंतर जे दिसेल ते सोडून द्या.

वाचताना गोंधळ होतो तो यूपीटीच्या सवयीने. प्रेग्नन्सीच्या पट्टीवर फिकी दुसरी रेघसुद्धा 'आहे' असते. इथे तसं नाही. एलएच अंगात रोजच थोडं असतं, त्यामुळे फिकी रेघ म्हणजे 'नाही'. कंट्रोलच्या रेघेइतकी किंवा तिच्याहून गडद आली तरच पॉझिटिव्ह. त्यानंतर २४ ते ३६ तासांत बीज फुटतं. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी संबंध यावेत.

पीसीओएसमध्ये एलएच मुळातच चढं असू शकतं. लागोपाठ सहा-सात दिवस गडद रेघ आली तर आनंद नको. किट अशा वेळी निरुपयोगी, सोनोग्राफीने फॉलिक्युलर स्टडी, म्हणजे बीजाची पिशवी (फॉलिकल) कशी वाढते ते बघणं, करावी लागते.

आत्ता, पहिली खरी पाळी येईपर्यंत, किटवर पैसे घालू नका. कोणत्या दिवशी लावायचं याला आधारच नाही. त्याऐवजी अंगावरून जाणाऱ्या स्रावाकडे लक्ष ठेवा. एरवी तो चिकट, पांढरट किंवा नसल्यासारखा. बीज फुटण्याआधीच्या दोन-तीन दिवसांत अंड्यातल्या कच्च्या पांढऱ्यासारखा, पारदर्शक. दोन बोटांत धरून ताणला तर तार निघते. हे गोळीवर असताना दिसत नाही, कारण गोळी तो स्राव घट्ट करून ठेवते. तार दिसली की समजा.

चकलीचासाचा

संबंधानंतर अर्धा तास भिंतीला पाय लावून पडायचं, पपई-अननस बंद, आणि पाळीनंतर दहा-बारा दिवस पुरुषाने 'साठवून' ठेवायचं, मग नेमका चौदावा दिवस गाठायचा. आमच्याकडे सगळ्यांना हेच सांगितलं जातं.

ओपीडी_नोट्स

@चकलीचासाचा, पायांनी काही बिघडत नाही, काही साधतही नाही. शुक्रजंतू काही मिनिटांत गर्भाशयाच्या मुखात शिरतात, बाहेर येतो तो उरलेला द्रव. पिकलेली पपई खुशाल खा. 'साठवणं' मात्र नुकसानीचं. आठवड्याच्या वर थांबलं की संख्या वाढलेली दिसते, पण जुने, मंद जंतू त्यात जास्त. बीज फुटल्यावर १२ ते २४ तासच टिकतं, शुक्रजंतू मात्र चांगला स्राव असेल तर पाच दिवसांपर्यंत. म्हणजे जंतूंनी आधी जाऊन वाट बघायची, बीजाने नाही. एक दिवसाआड पुरतं. रानजाई यांच्यासाठी खऱ्या पाळीच्या पंधराव्यापासून पंचविसाव्यापर्यंत. रोज झालं तरी हरकत नाही.

कोरडेपणा वाटला म्हणून लाळ किंवा साधं जेल वापरू नका, जंतूंची हालचाल मंदावते. लागलंच तर दुकानात 'गर्भधारणेसाठी सुरक्षित' असं लिहिलेलं जेल मागा.

त्या दिवसांत डोकं किंवा पाठ दुखली तर पॅरासिटॅमॉल. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या गोळ्या बीज फुटण्याच्या सुमारास रोज घेतल्या तर फॉलिकल वाढतं पण फुटत नाही, असं होऊ शकतं.

रानजाई

खूप स्पष्ट झालं. गणपतीच्या गोळीचं राहिलं. आणि केमिस्टने फॉलिक ॲसिड ५ मिग्रॅ दिलंय, ते बरोबर आहे का? नवऱ्याचं म्हणणं, "माझं काय तपासायचंय?"

उपकेंद्र_नर्स

आधी गणपती. पाळी पुढे ढकलायला जी दिली जाते ती नॉरएथिस्टेरॉन ५ मिग्रॅ, बहुधा दिवसातून तीनदा, अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून. ताई, तुमची अपेक्षित तारीखच ठरलेली नाही, मग 'तीन दिवस आधी' कुठून काढणार? बीज फुटायच्या आधी घेतली गेली तर ते फुटणं लांबेल किंवा त्या महिन्यापुरतं राहूनच जाईल. बीज फुटून दिवस राहिले असतील तर ती पोटात जायला नको. आणि बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत जो स्राव येतो तोही गोळीचाच, परत ६ जुलैसारखी खोटी तारीख. चान्स घेताय त्या महिन्यांत ही गोळी नकोच. गौरीचा नैवेद्य जाऊबाई करतील.

शेवटच्या गोळीला १४ ऑगस्टला सहा आठवडे होतील. तोवर पाळी आली नाही तर यूपीटी करा, इथे मात्र सकाळची पहिली लघवी. यूपीटी निगेटिव्ह आली तर आठवड्याने परत.

फॉलिक ॲसिड साधारण ४०० मायक्रोग्रॅम रोज पुरतं. चान्स घ्यायच्या निदान महिनाभर आधी सुरू करायचं असतं. तुमचं नसेल झालं तर आजपासून. कारण बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मिटते. पाळी चुकली, पट्टी लावली, डॉक्टरकडे गेलो, तोवर ती मिटलेलीही असते. ५ मिग्रॅ हा मोठा डोस ठरावीक जणींसाठी: आधीच्या बाळाला मणक्याचं व्यंग होतं, मधुमेह, फिट्सची औषधं, थॅलेसेमिया मायनर, वजन फार जास्त. बाकीच्यांना त्याने विष होत नाही, पण बी-१२ कमी असेल तर रक्तक्षय झाकला जातो आणि नसांचं नुकसान मागे चालू राहतं. शाकाहारी असाल तर बी-१२ बघून घ्या. सरकारी लाल गोळीत ६० मिग्रॅ लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक असतं, पण ती आठवड्यातून एक घेत असाल तर या कामाला पुरत नाही.

थांबायचं नाही अशा दोन तपासण्या. एक, रुबेलाची (जर्मन गोवराची) प्रतिकारशक्ती. नसेल तर एमएमआर लस घ्यायची आणि त्यानंतर एक महिना चान्स थांबवायचा. दिवस राहिल्यावर ती लस देता येत नाही. दुसरी, एचपीएलसी. एकाच रक्तात थॅलेसेमिया आणि सिकलसेल दोन्ही कळतात. आधी बायकोची, वाहक निघाली तर नवऱ्याची. सिंधी, कच्छी, लोहाणा घरांत थॅलेसेमिया जास्त. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याची चारात एक शक्यता. २०२३ पासून सिकलसेलची राष्ट्रीय मोहीम चालू आहे, आदिवासी भागात उपकेंद्रातही तपासणी होते.

मशेरी लावत असाल तर ती तंबाखूच आहे. दात घासायच्या निमित्ताने दिवसातून चारदा जाते आणि "तंबाखू खाता का?" विचारलं की उत्तर येतं नाही.

चेहऱ्यावरच्या मुरुमांसाठी तुमची गोळी दिली गेली असेल तर आता मुरूम परत येतील. घरात आयसोट्रेटिनॉइनच्या जुन्या कॅप्सूल असतील तर हात लावू नका. त्या बंद करून एक महिना झाल्याशिवाय दिवस राहता कामा नयेत.

हा धागा वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: सगळ्या साधनांचा हिशोब एक नाही. माला-एन, माला-डी तुमच्यासारखीच, फक्त शेवटच्या सात गोळ्या लोहाच्या, त्या नाही घेतल्या तरी चालतात. छाया वेगळी: तिच्यात हॉर्मोन नाही, लखनौच्या सीडीआरआयने (केंद्रीय औषध संशोधन संस्थेने) तयार केलेली सेंटक्रोमन, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे एकदा. तिने पाळी लांबते, म्हणून जुनी नोंद बघूनच दिवस धरा. तांबी काढली की त्याच चक्रापासून मोजा. अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन मात्र सावकाश उतरतं. शेवटच्या इंजेक्शनपासून ७ ते १० महिने लागणं नेहमीचंच, त्यात वांझपण नाही. पुढच्या वर्षी मूल हवंय हे आज माहीत असेल तर यंदाचं इंजेक्शन घेऊ नका.

सीबीसी_ते_एएमएच

तपासणीचे दिवस चुकले की रिपोर्ट बरोबर येतो आणि अर्थ चुकीचा लागतो.

एफएसएच (बीज वाढवणारं हॉर्मोन), एलएच खऱ्या पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच. गोळीनंतरच्या स्रावात केलं तर दोन्ही दबलेलं दिसेल. एएमएच (बीजांचा साठा किती उरलाय याचा अंदाज देणारी तपासणी) कुठल्याही दिवशी चालतं, पण गोळीने ते कमी दिसतं. दोन-तीन महिने गेल्यावर करा. चार वर्षं गोळी घेतलेलीने आठव्या दिवशी एएमएच काढायचं आणि "बीजं संपत आली" म्हणून रडायचं, हे टाळता येतं. टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हॉर्मोन) आत्ता चालेल. प्रोलॅक्टिन उठल्यावर दोनेक तासांनी, शांत बसून. घाईघाईत जिने चढून दिलेलं रक्त चढं दाखवतं.

प्रोजेस्टेरॉनच्या (बीज फुटल्यावर वाढणाऱ्या हॉर्मोनच्या) कागदावर 'एकविसावा दिवस' छापलेला असतो. तुमच्यासाठी तो दिवस चूक. पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी हवं, म्हणजे ३६ च्या चक्रात एकोणतिसावा. एकविसाव्याला केलंत तर कमी येईल आणि "बीज फुटत नाही" असा शिक्का बसेल. मिलीला ३ नॅनोग्रॅमच्या वर म्हणजे फुटलंय.

नवऱ्याचं काय तपासायचं? वीर्य. सगळ्यात स्वस्त, टोचाटोची नाही, आणि अडचण असणाऱ्या जोडप्यांत निम्म्याच्या आसपास पुरुषाचा काही ना काही वाटा असतो. दोन ते सात दिवस संबंध नाहीत, लॅबमध्येच दिलं तर उत्तम. घरून आणायचं तर डबी लॅबचीच, शर्टाच्या आत अंगाच्या उबेत, तासाभरात. फ्रीज नाही, बर्फ नाही, निरोध तर नाहीच, त्यातल्या द्रवाने जंतू मरतात. सुरुवातीचा थेंब सांडला असेल तर तसं सांगा, सर्वांत जास्त जंतू त्यातच असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणे खालची मर्यादा: एकूण वीर्य १.४ मिली, दर मिलीत १ कोटी ६० लाख जंतू, पुढे सरकणारे ३० टक्के, आकाराने नीट ४ टक्के. 'चारच टक्के नॉर्मल' वाचून घाबरू नये. एक रिपोर्ट खराब आला तर तीन महिन्यांनी परत, कारण जंतू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, महिन्यापूर्वीचा ताप आज दिसतो.

जिममध्ये टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन चालू असेल तर आधी सांगा. 'मर्दानगी वाढवणारं' म्हणून घेतलेलं ते जंतू शून्यावर आणू शकतं.

ओपीडी_नोट्स

डॉक्टरकडे कधी, एवढंच राहिलं. ३५ च्या आत असाल आणि पाळी नियमित, तर वर्षभर प्रयत्न करून. ३५ नंतर सहा महिने. ४० च्या पुढे थांबूच नका. पण तुम्ही त्या वर्षाची वाट बघू नका: गोळी थांबून तीन महिने झाले आणि पाळी नाही, किंवा चक्र पुन्हा ३५ च्या पुढे जातंय, तर जा. पूर्वी टीबी, ओटीपोटात जंतुसंसर्ग, अपेंडिक्स फुटलेलं असेल तर नलिकांची (बीज गर्भाशयात आणणाऱ्या नळ्यांची) शंका लवकर घ्यावी; आपल्याकडे जननमार्गाचा टीबी कुठलंही लक्षण न दाखवता नलिका बंद करून जातो. नलिकांचा फोटो, एचएसजी, रक्तस्राव थांबल्यावर आणि बीज फुटायच्या आधी.

पीसीओएस निघालं आणि वजन जास्त असेल तर पाच ते दहा टक्के वजन उतरल्यानेही पुष्कळदा बीज फुटायला लागतं. लेट्रोझोल, म्हणजे बीज फुटण्यासाठी दिली जाणारी गोळी, केमिस्टकडून आणून स्वतः घेऊ नये, त्याच्यासोबत सोनोग्राफी हवी, नाहीतर किती बीजं फुटली याचा पत्ता नाही.

यूपीटी पॉझिटिव्ह आली आणि एका बाजूला पोटात दुखतंय, चक्कर येतेय, स्पॉटिंग आहे, तर रात्र काढू नका. गर्भ नलिकेत असू शकतो.

तारखा लिहायच्या कुठे? भिंतीवरच्या कालनिर्णयवर गोल केलात तर आल्यागेल्याला कळेल. छोटी डायरी ठेवा.

रानजाई

डायरीत ६ जुलैवर काट मारली. उरलेली एकच शंका: किटची नवी पाकिटं आत्ताच आणून ठेवली तर खराब होतात का?

सीबीसी_ते_एएमएच

एक्स्पायरी बघून घ्या, कोरड्या कपाटात ठेवा, बाथरूममध्ये नको. आणि पाऊच वापरायच्या वेळीच फोडा, आत आधी काय आहे बघायला म्हणून नाही.